पेटीतलं बाळ आणि दाराबाहेरची आई



एरवी या पानावर आपण डब्यातल्या भाज्या, पावसाळ्यातले ओले कपडे, परीक्षेच्या दिवसांतली मुलांची जागरणं असल्या विषयांवर गप्पा मारतो. पण मागच्या महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. पत्र चार-पाच ओळींचंच. 'सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी आहे, दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवली आहे. आत कुणाला सोडत नाहीत. सून भिंतीकडे तोंड करून पडून असते, जेवत नाही. आम्ही घरच्या माणसांनी काय करावं ते कळवा.'

त्यांना उत्तर मी टपालानं पाठवलं आहेच. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. जगात जन्मणाऱ्या साधारण दर १० बाळांपैकी एक अपुऱ्या दिवसांचं असतं, म्हणजे ३७ आठवडे पुरे व्हायच्या आधीच येतं. दहांत एक म्हणजे आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात कुठे ना कुठे हे झालेलंच असतं. फक्त कुणी बोलत नाही. पूर्वी 'सातमाशी पोर' म्हणून कापसात गुंडाळून, देवावर हवाला ठेवून वाढवत. आता अशी पुष्कळ बाळं जगतात, चांगली धडधाकट होतात. औषधं आणि यंत्रं आली म्हणून जगतात, हे खरंच. पण त्या खोलीत रात्रंदिवस बाळापाशी असते ती परिचारिका, आपली सिस्टर. आणि चांगली सिस्टर तिथे एकाची नव्हे, दोघांची शुश्रूषा करत असते : पेटीतल्या बाळाची आणि त्याच्या आईची. आज मला बोलायचंय ते तिच्या या कामाविषयी, आणि आपण घरच्यांनी तिला त्यात हात कसा द्यायचा याविषयी.

आधी त्या पेटीची भीती घालवू या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी फार थोडी असते, त्यामुळे ते चटकन गार पडतं. पेटी त्याला उबेत ठेवते, एवढंच. साधारण ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ नीट घालता येत नाही. म्हणून नाकातून किंवा तोंडातून पोटात एक बारीक नळी असते आणि तिच्यातून त्याला दूध देतात. पायाला लाल दिव्याची पट्टी बांधलेली असते, ती रक्तातला प्राणवायू मोजते. यंत्र मध्येच टीं-टीं करून ओरडतं, तेव्हा दर वेळी काही वाईटच झालेलं असतं असं नाही. पुष्कळदा बाळानं नुसता पाय हलवलेला असतो. पहिल्या दिवशी एवढं जरी कुणी समजावून सांगितलं, तरी बाहेर बाकावर बसलेल्या माणसांचा अर्धा जीव भांड्यात पडतो. समजावलं नसेल तर आपण विचारावं. 'सिस्टर, तुमचं काम आटोपलं की पाच मिनिटं द्याल का?' असं म्हटलं की बहुतेक सिस्टर वेळ काढतात. दारात घोळका करून 'काय झालं, काय झालं' म्हणून विचारलं तर मात्र त्या वैतागतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

आता बाळाच्या बाजूनं पाहा. पोटात होतं तेव्हा अंधार होता, ऊब होती, आईच्या काळजाचे ठोके होते. तिथून ते एकदम येऊन पडलं दिव्यांच्या झगझगाटात. वर चिमटे, चिकटपट्ट्या, सुया. इथे कळते ती सिस्टरची माया. चांगली सिस्टर पेटीवर चादर टाकून बाळाला अंधार करून देते. पेटीची खिडकी आपटत नाही, तिच्यावर काही ठेवत नाही, कारण बाहेर आपल्याला टक् वाटतं ते आत फार मोठं ऐकू येतं. गुंडाळलेल्या कापडाचं मऊ कडं करून ती बाळाला मध्ये ठेवते, म्हणजे हातपाय पोटाशी येतात आणि ते पोटात होतं तसंच मुटकुळं करून निजतं. लंगोट बदलणं, ताप पाहणं, रक्त घेणं ही कामं जमतील तेवढी एका वेळी उरकते; दर पंधरा मिनिटांनी उठवत नाही. कारण झोपेतच बाळ वाढतं. घरी तान्ह्याला उठवलं तर आपण केवढ्या चिडतो, आठवा!

आणि दुखण्याचं काय? 'एवढ्याशा जिवाला काय कळतंय' असं आपल्या आज्या म्हणत, हे एक वेळ सोडा. पण मोठमोठे डॉक्टरही बरीच वर्षं हेच म्हणत होते. तान्ह्यांची ऑपरेशनंसुद्धा पुरेशी भूल न देता होत असत. १९८७ साली कनवलजीत सिंग आनंद या भारतातून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही नीट भूल दिली तर ऑपरेशनचा ताण कमी होतो आणि मागाहून होणारे त्रासही कमी होतात. म्हणजे बाळाला दुखतं, चांगलंच दुखतं. फक्त सांगता येत नाही. आता जाणत्या सिस्टर टाचेतून रक्त घेण्याआधी एक-दोन मिनिटं बाळाच्या जिभेवर आईच्या दुधाचे थेंब सोडतात आणि त्याचे हात-पाय, डोकं तळव्यांत धरून ठेवतात. बाळ रडतं, पण कमी. ज्या आईला वाटत असतं की आपला काही उपयोगच नाही, तिच्या दुधाचे दोन थेंब बाळाची कळ कमी करतात हे तिला कुणी सांगितलं, तर तिचा चेहरा बदलतो.

सिस्टरची नजर काय करू शकते, याची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉकफर्ड इथे एक रुग्णालय होतं. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षावर वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या. मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं अशी त्यांची समजूत. म्हणून बरं हवामान असलं की त्या नाजूक बाळांना बाहेरच्या अंगणात फिरवून आणायच्या, डॉक्टर फेरीवर यायच्या आत परत ठेवायच्या. १९५६ च्या उन्हाळ्यात एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं. अंगाची पिवळी झाक उतरली होती, फक्त एक त्रिकोणी पट्टा तेवढा पिवळाधमक राहिला होता. चादरीचं टोक तिथे आलं होतं, त्यामुळे ऊन लागलं नव्हतं! त्यातूनच शोध घेत तिथल्या डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली उजेडानं कावीळ उतरवण्याची रीत प्रसिद्ध केली. आज गावोगावच्या दवाखान्यांत कावीळ झालेल्या बाळावर निळा दिवा लावतात, त्याची सुरुवात या सिस्टरच्या निरीक्षणातून झाली. (म्हणून कुणी घरी बाळाला उन्हात ठेवून कावीळ उतरवायला जाऊ नका हं. लहान बाळ गारठतं किंवा भाजतं आणि उपचाराला उशीर होतो. दवाखान्यातला दिवाच खरा.)

आता आईकडे वळते. ती बिचारी दुसऱ्या मजल्यावर, बाळ तळमजल्यावर. टाके दुखताहेत, शेजारच्या खाटांवर बायका आपापली बाळं घेऊन बसल्यात, पेढे वाटले जाताहेत. हिच्या हातात काहीच नाही. आणि 'तू आता विश्रांती घे' असं सगळे सांगतात. कसली विश्रांती!

आईला दाराबाहेर ठेवण्याचे परिणाम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच लक्षात आले होते. पॅरिसचे डॉक्टर पिएर ब्यूदँ पेटीतल्या बाळांवर उपचार करत. त्यांना दिसलं की ज्या आयांना बाळाचं काहीच करू दिलं नाही, त्यांतल्या काहींची त्याच्यातली माया आटते. कुणी बाळाला न्यायलाच येत नाही. म्हणून १९०० सालच्या सुमाराला ते सांगत होते की आयांना येऊ द्या, बाळांना त्यांचंच दूध द्या. पण पुढे जंतूंचं भय एवढं वाढलं की जगभर काचेबाहेरून बघण्याचीच चाल पडली. भय खोटं नव्हतं. पण त्यावरचा उपाय आईचे हात साबणानं स्वच्छ धुवून घेणं हा होता, आईला हाकलणं हा नव्हता.

हे चाक फिरलं ते गरिबीमुळे, ही मोठी गंमत. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात एका सरकारी सूतिकागृहात पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं. तिथे १९७८ साली डॉक्टर एद्गार रे सानाब्रिया यांनी आणि पुढल्या वर्षी आलेल्या डॉक्टर एक्तोर मार्तीनेझ यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारूचं पिल्लू पोटाच्या पिशवीत राहतं, तसं. त्याच सुमाराला, १९७९ मध्ये, एस्टोनियातल्या टालिन शहरात डॉक्टर आदिक लेविन यांनी परिचारिका कमी म्हणून आयांनाच चोवीस तास बाळांपाशी ठेवून घेतलं. बाळाचं बरंचसं आईनंच करायचं. सिस्टरनं शिकवायचं, लक्ष ठेवायचं. एकमेकांपासून हजारो मैल दूर, पण दोन्हीकडे आई हाच उपाय निघाला.

'हे गरिबांचे उपाय, आमच्या मोठ्या इस्पितळात कशाला' असं म्हणणाऱ्यांसाठी दिल्लीची गोष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक मोठी पाहणी केली. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १,८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं. निम्म्यांना जुन्या रीतीनं, म्हणजे आधी तब्येत स्थिर होऊ द्यायची आणि मग आईजवळ द्यायचं. उरलेल्यांना जन्मल्यापासूनच, अतिदक्षता कक्षातच, आईच्या छातीशी. त्यासाठी बाळंतिणीची खाटच आत लावली. २०२१ साली निकाल छापून आला. पहिल्या २८ दिवसांत जुन्या रीतीत शंभरांतली जवळजवळ १६ बाळं दगावली, नव्या रीतीत १२. फरक एवढा स्पष्ट दिसला की पाहणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये संघटनेनं जगाला सांगूनच टाकलं : कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला, अगदीच अत्यवस्थ नसेल तर, जन्मल्यापासूनच हे सुरू करा आणि दिवसाचे आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत, जमेल तितका वेळ ठेवा.

आपल्याकडे नियमही यालाच धरून आहेत. घरच्या माणसांना शिकवून बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घेण्याची पद्धत दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयात घडवली गेली. तिथे त्यामुळे जंतुसंसर्ग वाढला नाही, आणि घरी जाताना आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण मात्र वाढलं. २०१७ साली केंद्राच्या आरोग्य खात्यानं सरकारी नवजात कक्षांसाठी तशा मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तेव्हा 'आत कुणाला सोडत नाहीत' हे उत्तर मुकाट्यानं ऐकून घेऊ नका. नम्रपणे विचारा, 'आईला हात धुवून, गाऊन घालून आत बसता येईल का? कांगारू पद्धत केव्हा सुरू करता येईल?' मिळून सगळी तक्रार करायला गेलात तर दार बंदच राहील. पण आई, बाबा किंवा आजी, ठरलेलं एकच माणूस रोज ठरल्या वेळी शिस्तीत आलं, तर सिस्टरच डॉक्टरांकडे शब्द टाकते, असा अनुभव मला बऱ्याच जणींनी सांगितलाय.

छातीशी धरायचं कसं, ते सिस्टर दाखवतेच. तरी मनाची तयारी म्हणून सांगते. बाळाच्या अंगावर फक्त टोपडं, लंगोट आणि मोजे. आईचा गाऊन पुढून उघडा. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मध्ये, बेडकासारखे पाय, मान एका बाजूला कललेली. नाक-तोंड सतत मोकळं दिसलं पाहिजे. वरून जुन्या धुवट सुती साडीचा पट्टा घट्टसर बांधायचा. आई जराशी रेलून बसते. पाच-दहा मिनिटांत काढून ठेवायचं नाही, निदान तासभर तरी ठेवायचं, नाहीतर काढण्या-घालण्यातच बाळ दमतं. आई थकली तर बाबांनी घ्यावं, आजीनं घ्यावं. सासूबाईंच्या छातीची ऊबही तितकीच ऊब असते बरं का! आमच्याकडे दहा दिवस सुवेर म्हणून बाळंतिणीला शिवत नाहीत अशी घरं अजून आहेत. त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, या दहा दिवसांतच नातवंडाला तुमची सगळ्यात जास्त गरज असते.

दुधाचं आता बोलायलाच हवं. बाळ चोखत नाही म्हणून दूध 'आपोआप येईल' असं होत नाही. बाळंतपणानंतर लवकरात लवकर, पहिल्या काही तासांतच, हातानं पिळून काढायला लागायचं आणि पुढे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, चोवीस तासांत आठ वेळा तरी. पहिले दिवस चीक येतो तो चमचाभरसुद्धा नसतो. तो थेंबभरही टाकायचा नाही. सिस्टर तो वाटीत घेऊन बाळाला देतात. 'एवढंसंच? हिला दूधच नाही' असं खाटेशी उभं राहून बोलणाऱ्या बायका पाहिल्या की मला रागच येतो. बोलण्यानं दूध आटतं, हे जुन्या बायकांनाही माहीत होतं. आणि अगदीच आलं नाही, तर काही मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्धपेढी असते. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. दुसऱ्या आईचं दूध तपासून, निर्जंतुक करून देतात. त्याला नाक मुरडू नये. नळीतून पिणारं बाळ पुढे वाटी-चमच्यानं पितं, आपल्या चांदीच्या बोंडल्याचंच ते भावंडं, आणि मग अंगावर. बाटली मात्र नको.

आता घरच्या माणसांनी काय बोलावं, हे थोडं कडवट आहे, पण सांगते. मी शाळेत अर्धवेळ भाषा शिकवते. एक शब्द इकडचा तिकडे झाला की अर्थ कसा फिरतो, ते मुलींच्या वह्यांत रोज पाहते. बाळंतिणीच्या खाटेशी तर फारच जपून बोलावं. 'नोकरीची दगदग केलीस ना', 'जिना चढत होतीस', 'ग्रहणात बाहेर पडली असशील' हे एकही वाक्य बोलायचं नाही. पुष्कळदा दिवस आधी का भरले ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. ती तर आधीच रात्रभर स्वतःलाच विचारत असते. आणि मुलगी असेल तर 'एवढा खर्च कशाला' हा सूर! अशा वेळी भेटायला येणारे कमी होतात, डबा उशिरा येतो, हे सिस्टरच्या नजरेतून सुटत नाही. खर्चाची चिंता खरी असते, मी नाकारत नाही. पण सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाला उपचार, औषधं, वाहन मोफत मिळावं अशी योजना २०११ पासून आहे. खाजगी दवाखान्याचा रोजचा आकडा ऐकून घाबरला असाल, तर पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा आणि सरकारी कक्षात हलवता येईल का तेही विचारा. त्यात कमीपणा नाही.

मग बोलावं काय? 'आज किती ग्रॅम वाढलं?', 'तुझा आवाज ऐकून डोळे उघडले का गं?' बाळाला आईचा आवाज खरंच ओळखू येतो, पोटातून ऐकलेला असतो. पेटीच्या खिडकीतून हात घालून, न चोळता, न थोपटता, नुसता तळवा डोक्यावर आणि पायांवर स्थिर ठेवायचा आणि हळू बोलायचं. बाळाच्या पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' लिहून पुढे आईचंच नाव असतं. आपल्या साऱ्या कागदांवर बापाचं नाव, इथे तेवढं आईचं! पण तिथे न थांबता काही सिस्टर स्वतःच एक लाडाचं नाव ठेवतात, 'आज आमच्या ठमीनं दहा मिली पचवलं' म्हणून सांगतात. आपल्याकडे पुष्कळ सिस्टर केरळातून आलेल्या असतात, त्यांचं मराठी मोडकं असतं. पण 'अम्मा, नको रडू, बाळ छान आहे' यात व्याकरण बघायचं नसतं.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर मी बराच विचार केला. सगळीच बाळं घरी येत नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंच्या लेकीला तिसाव्या आठवड्यात जुळं झालं, मुलगी आणि मुलगा. सहाव्या दिवशी पहाटे मुलगा गेला. काकूंनी आणि जावयांनी ठरवलं, 'तिला इतक्यात सांगायचं नाही. दूध आटेल. घरी गेल्यावर बघू.' तसंच परस्पर उरकायचं ठरत होतं. रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, 'दादा, मी स्वतःहून काही बोलणार नाही. पण तिनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुम्ही सांगा, मी तिच्याजवळ उभी राहते.' जावई गेले, सांगितलं. मग त्या सिस्टरनं काय केलं, तर बाळाच्या गालावरच्या चिकटपट्ट्या ओल्या कापसानं भिजवून, कातडी न ओढता सोडवल्या. अंग पुसलं, घरून आलेलं टोपडं घातलं, आईच्या जुन्या साडीच्या धडप्यात गुंडाळलं, आणि पडदा ओढून आईच्या मांडीवर दिलं. 'घाई नाही' म्हणाली. अर्धा तास आई-बाप बाळाला घेऊन बसले होते. ती म्हणते, तो अर्धा तास मिळाला नसता तर मी आयुष्यभर दारं उघडून बघत राहिले असते. आणि दूध आटलं नाही. मुलीसाठी ती त्याच दुपारी काढायला बसली, रडत रडत.

माझं मत स्पष्ट आहे : आईपासून लपवू नये. तिला कळतंच. माणसांची तोंडं बघून कळतं, डब्यातल्या जेवणावरून कळतं. मग दुःखावर फसवणूक चढते. बघायचं की नाही, घ्यायचं की नाही, हे तिनं ठरवावं. बळजबरी दोन्हीकडून नको. 'एक आहे ना अजून', 'वय आहे, होईल पुन्हा' असं म्हणू नये. जवळ बसावं, पाणी द्यावं, पुरे.

आणि जिचं एकुलतं गेलं, तिला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती भरून येते, याविषयी तर कुणीच अवाक्षर काढत नाही. करकचून बांधू नये. फार ठणकलं तर आराम पडण्यापुरतंच पिळून काढावं, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या, बेताची चोळी घालावी. दिवसेंदिवस कमी करत नेलं की हळूहळू आटतं. ताप आला किंवा छाती लाल होऊन दुखली तर डॉक्टर. जवळ दुग्धपेढी असेल तर ते दूध दुसऱ्या बाळासाठी देणाऱ्या आयाही असतात. ज्यांना सोसवेल त्यांनीच द्यावं. हे सगळं सिस्टरला विचारायला लाजू नका. तिनं हे अनेकदा पाहिलेलं असतं. त्याचप्रमाणे, बाळ सुखरूप असो वा नसो, दोन आठवडे उलटले तरी बाई सारखी रडते, झोप नाही, बाळाला हात लावावासा वाटत नाही, 'मला जगायचंच नाही' म्हणते, तर ती 'बाळंतवाताची लहर' म्हणून सोडून देऊ नये. तो आजार आहे, त्याला डॉक्टर आणि औषध आहे.

राहता राहिली सिस्टर. तिच्यावर एका वेळी किती पेट्या असतात ते एकदा मोजून पाहा. पहाटे एक बाळ गेलं की सहा वाजता दुसऱ्याला हसत 'गुड मॉर्निंग' म्हणायचं असतं. स्वतःच्या घरी तिचं दोन वर्षांचं पोर आजीपाशी असतं. तिला साडी-चोळी, पैसे देऊ नका. ती घेत नाही, आणि पुढच्या गरीब आईवर ओझं येतं. दहा नातेवाइकांनी दहा फोन करून तेच तेच विचारू नका, एकानं विचारून बाकीच्यांना सांगा. दारातली चपलेची आणि हात धुण्याची शिस्त पाळा, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा, सर्दी असेल त्या दिवशी जाऊच नका. नाव विचारा तिचं. सगळ्याच सिस्टर गोड बोलतात असंही नाही, तुसड्याही भेटतात. तिथे वाद न घालता कक्षाच्या मुख्य सिस्टरकडे जावं.

घरी सोडतील त्या दिवशी आनंदाच्या भरात कागद पिशवीत कोंबू नका. निघण्याआधी सिस्टरकडून स्वतः करून दाखवून घ्या : दूध देणं, छातीशी बांधणं, औषधाचे थेंब मोजणं, बाळ कधी दाखवायला आणायचं. बाळ गार लागलं, पिईनासं झालं, श्वास भरभर चालला, निळसर दिसलं, पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, तर रात्र असली तरी निघायचं. घरी धुरी नको, गुटी नको, मध नको, डोळ्यांत काजळ नको, नाका-कानात तेल तर नकोच. पाचवी-बारशाची गर्दी पुढे ढकला. नाव काय, महिन्यानं ठेवलं तरी चिकटतंच. आशाताई घरी येतील तेव्हा त्यांना बाळाचं वजन करू द्या.

आणि एक तारीख कालनिर्णयावर आजच खूण करून ठेवा. बाळ दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याचे डोळ्यांचे पडदे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. प्राणवायूवर राहिलेल्या लहान बाळांच्या पडद्यावर कधी कधी वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो, आणि वेळेत उपचार झाले तर नजर वाचते. बाळ छान पितंय, हसतंय म्हणून ही तपासणी राहून जाते. कान कसे तपासायचे आणि कुठे, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.